बालकांचे प्राणरक्षक डॉ. शेव्हलिअर जॅक्सन

ज्या घरांत रांगतें मूल आहे त्या घरांतील माणसांस एक गोष्ट सांगावयास नको. जमिनीवर पडलेली कोणतीहि वस्तु मुलाच्या हातीं लागली कीं ती प्रथम तोंडांत जाते. सदऱ्याची गुंडी असो, शेंगदाणा असो, चिंचोका असो किंवा आईच्या हातून निसटलेली टाचणी असो, मुलाला तिची ओळख जिभेनेंच करून घ्यावयाची असते. बहुधा ती वस्तु थुंकली जाते किंवा पोटांत जाऊन निरुपद्रवीपणें बाहेर पडते. परंतु केव्हां केव्हां मूल तोंडांत वस्तु असतांनाच हसतें, रडतें किंवा धांवतां धांवतां पडतें, आणि श्वासाबरोबर ती वस्तु अन्नाचा मार्ग सोडून वायूच्या मार्गांत शिरते. सव्वाशें वर्षांपूर्वीं असें झालें म्हणजे मोठमोठे डॉक्टरहि हतबल होत. गळा बाहेरून चिरून वस्तु हातीं लागली तर लागली. नाहीं तर फुप्फुसांत पू होऊन मूल दिवसेंदिवस झिजत जाई, आणि आईबापांस तें उघड्या डोळ्यांनीं पाहात बसावें लागे. ही स्थिति पालटविण्याच्या कामीं ज्या पुरुषानें आपलें सारें आयुष्य वेंचलें, आणि त्याहूनहि विशेष म्हणजे आपली विद्या दुसऱ्या अनेक डॉक्टरांच्या हातांत उतरविली, त्या डॉ. शेव्हलिअर जॅक्सन यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

शेव्हलिअरचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पिट्सबर्ग या शहरीं ता. ४ नोव्हेंबर १८६५ रोजीं झाला. त्या प्रदेशांत कोळशाच्या खाणी पुष्कळ. घरची स्थिति बेताची असल्यामुळें कुटुंबाला काटकसरीनें दिवस काढावे लागत. मुलगा अंगानें किरकोळ व स्वभावानें अबोल होता. त्यामुळें शाळेंतील दांडगट मुलांना तो आयताच सांपडला. त्यांनीं त्याचा नाना प्रकारें छळ मांडला. एकदां तर त्यांनीं त्याचे डोळे बांधून त्याला कोळशाच्या एका ओसाड खाणीच्या खड्ड्यांत ढकलून दिलें. तेथें तो बेशुद्ध होऊन पडला असतां एका खाणकामगाराच्या कुत्र्यानें त्याला हुडकून काढलें, म्हणूनच तो वांचला. असा जाच सोसलेलीं कित्येक मुलें पुढें स्वतः कठोर बनतात. शेव्हलिअरच्या मनावर मात्र याच्या उलट परिणाम झाला. दुबळ्या लेंकरांविषयीं व मुक्या प्राण्यांविषयीं त्याच्या मनांत जी कणव उत्पन्न झाली ती जन्मभर टिकली.

हातानें वस्तु घडविण्याची व चित्रें काढण्याची त्याला लहानपणापासून आवड होती. पिट्सबर्ग येथील विद्यापीठांत शिक्षण झाल्यावर त्याला डॉक्टर व्हावयाचें होतें. पण पैसा कोठून आणावा? कांचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्यानें आपल्या शिक्षणाचा खर्च जोडला. या कामांत बोटांना जें वळण लागलें तें पुढें हजारों मुलांच्या उपयोगीं पडावयाचें होतें, हें तेव्हां कोणास ठाऊक! फिलाडेल्फिया शहरांतील जेफर्सन मेडिकल कॉलेजांतून १८८६ सालीं तो डॉक्टरीची पदवी घेऊन बाहेर पडला.

या सालाशीं आम्हां महाराष्ट्रीयांचा एक जवळचा संबंध आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्महि १८६५ सालचाच; आणि त्याच फिलाडेल्फिया नगरींत, त्याच १८८६ सालीं, स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजांतून त्यांनींहि एम. डी. ही पदवी संपादन केली. पुढच्याच वर्षीं पुण्यास क्षयरोगानें त्यांचा अंत झाला. त्याच रोगानें पुढें जॅक्सन यांनाहि गांठलें. परंतु त्यांना दीर्घ आयुष्य लाभलें, आणि आनंदीबाईंच्या त्या कॉलेजाची धुराहि एके काळीं त्यांच्या खांद्यावर आली. तो भाग पुढें येईलच.

पदवी मिळाल्यावर जॅक्सन लंडनला गेले आणि मोरेल मॅकेन्झी या त्या काळच्या नामांकित डॉक्टरांकडून घशाच्या रोगांचें ज्ञान त्यांनीं मिळविलें. परत आल्यावर पिट्सबर्ग येथें त्यांनीं आपला व्यवसाय सुरू केला. १८९० सालीं त्यांनीं अन्ननलिकेच्या आंत पाहण्यासाठीं एक नळी तयार केली. तिच्या साहाय्यानें एका प्रौढ माणसाच्या अन्ननलिकेंत अडकलेली कृत्रिम दांतांची कवळी व मुलांनीं गिळलेलीं नाणीं त्यांनीं सुखरूप बाहेर काढलीं. ही बातमी पसरतांच दुसरे डॉक्टरहि तशीच नळी वापरूं लागले. परिणाम मात्र अनर्थकारक झाला. अननुभवी हातांनीं नळी रेटली गेली, नाजूक अन्ननलिका फाटल्या आणि रोगी दगावले.

याच ठिकाणीं जॅक्सन यांच्या आयुष्याला खरें वळण लागलें. दुसरा कोणी असता तर त्यानें आपल्या यशाचा डंका पिटला असता आणि इतरांच्या अपयशाचें खापर त्यांच्या माथीं फोडलें असतें. जॅक्सन यांनीं तसें केलें नाहीं. नळी निर्दोष आहे आणि आपल्या हातीं ती यशस्वी होते, एवढ्यावर त्यांचें समाधान होईना. जें हत्यार शिकवितां येत नाहीं तें जगाच्या हातीं देणें धोक्याचें आहे, ही गोष्ट त्यांना पुरती उमजली. तें काम निर्धोक करण्याचा मार्ग सांपडेपर्यंत त्यांनीं त्याचा प्रसार थांबविला. हत्यार विकत घेतां येतें, परंतु हात विकत मिळत नाहीं, हें तत्त्व तेव्हांपासून त्यांच्या सर्व शिकवणुकीचा पाया झालें.

इकडे १८९७ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें गुस्टाव्ह किलिअन या डॉक्टरांनीं एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेच्या शाखेंत अडकलेला हाडाचा तुकडा तोंडावाटे नळी घालून बाहेर काढला. श्वासमार्गाच्या इतक्या आंत डोळ्यांनीं पाहून वस्तु काढण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग होय. या नळीला ब्राँकोस्कोप असें नांव मिळालें. जॅक्सन यांनीं किलिअन यांचा हा मान कधींहि नाकारला नाहीं. १९०७ सालीं या विषयावर त्यांनीं जो ग्रंथ लिहिला तो त्यांनीं किलिअन यांनाच अर्पण केला. त्यांनीं स्वतः घातलेली भर अशी कीं, १९०४ च्या सुमारास त्यांनीं नळीच्या आंतल्या टोंकाशीं इवलासा विजेचा दिवा बसविला व कफ आणि रक्त ओढून घेण्यासाठीं बाजूला एक शोषक नळी जोडली. पूर्वीं बाहेरून उजेड पाडून अंधाऱ्या विहिरींत डोकवावें तसें पाहावें लागे. आतां दिवा विहिरीच्या तळाशींच गेला.

तरीहि लहान मुलाच्या बाबतींत हें काम किती बिकट आहे तें समजून घेण्यासारखें आहे. तान्ह्या मुलाची श्वासनलिका अवघी चारपांच मिलिमीटर रुंद, म्हणजे आपल्या हातांतील शिसपेन्सिलीहूनहि बारीक असते. तिच्या आंतल्या त्वचेला सर्व बाजूंनीं एक मिलिमीटर सूज आली तरी हवेची वाट निम्म्याहून कमी उरते. जॅक्सन यांची तान्ह्या मुलांसाठीं केलेली नळी अर्थातच फार बारीक होती. तीच नळी डॉक्टरांची दृष्टि, तीच चिमट्याची वाट, आणि मुलाचा श्वासहि तींतूनच चालावयाचा. एक डोळा लावून पाहिल्यामुळें अंतराचा अंदाज फसतो. मूल खोकतें, नलिका हलते, कफ आडवा येतो. अशा स्थितींत हात एक केसभर अधिक पुढें गेला तर ज्याला वांचवावयाचें त्याचाच घात व्हावयाचा. येथें धिटाईपेक्षां सराव महत्त्वाचा.

म्हणून जॅक्सन प्रत्येक अवघड प्रसंगाची आधीं तालीम करीत. मुलानें जी वस्तु गिळली असेल तिच्यासारखीच दुसरी वस्तु ते मिळवीत, ती रबराच्या नळींत अडकवीत आणि कोणत्या चिमट्यानें, कोणत्या बाजूनें व किती जोरानें ती धरावी याचा पुनःपुन्हां अभ्यास करीत. योग्य चिमटा नसला तर नवा घडवीत. उघड्या सेफ्टी पिनेचें उदाहरण घ्या. ती टोंक वर करून अन्ननलिकेंत अडकली असेल आणि कोणी ती सरळ ओढली, तर टोंक मांसांत घुसून नलिका फाटते. जॅक्सन तशी पीन हलकेच खालीं पोटांत नेत, तेथील मोकळ्या जागेंत ती उलटी फिरवीत आणि मग तिचें वाटोळें टोंक पुढें ठेवून बाहेर काढीत. पुढें चालणारें टोंक भोंसकतें, मागून येणारें टोंक भोंसकत नाहीं, इतकी ही साधी गोष्ट. पण ती प्रथम ध्यानीं यावी लागते आणि नंतर बोटांत मुरावी लागते.

त्यांच्याकडे शिकावयास येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनीं हीच वाट दाखविली. आलेला डॉक्टर कितीहि पदव्यांचा धनी असो, आरंभ रबराच्या नळीपासूनच व्हावयाचा. नळीच्या तळाशीं टाचण्या, गुंड्या व दाणे ठेवून ते चिमट्यानें उचलावयाचे. डावा हात नळी सांभाळील व उजवा चिमटा चालवील अशी संवय करावयाची. दोन्ही डोळे उघडे ठेवून एकानेंच पाहावयास शिकावयाचें. वस्तु दिसली म्हणून झडप न घालतां ती कशी बसली आहे याचा आधीं विचार करावयाचा. त्यानंतर मृत शरीरावर आणि भूल दिलेल्या कुत्र्यावर अभ्यास होई. कुत्र्याला कोणत्याहि प्रकारें क्लेश होऊं नयेत याविषयीं जॅक्सन यांचा कटाक्ष असे. शिकविण्यासाठीं त्यांनीं एक बाहुलीहि तयार केली होती. मग गुरूचें काम पाहणें, मुलाचें डोकें नेमक्या स्थितींत धरून ठेवणें, हत्यारें हातांत देणें अशा पायऱ्या; आणि जिवंत बालक ही सर्वांत शेवटची पायरी. व्याख्यान देतांना जॅक्सन फळ्यावर रंगीत खडूंनीं आकृति काढीत, आणि त्याहि दोन्ही हातांनीं. मडक्यांवर नक्षी काढणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची कला अशा रीतीनें गुरूच्या कामीं आली.

हा प्रवास सुखाचा नव्हता. १९११ सालीं जॅक्सन यांना क्षय झाला. त्या काळीं या रोगावर विश्रांति व मोकळी हवा यांपलीकडे फारसा उपाय नव्हता. आयुष्यांत तीन वेळां या रोगानें त्यांना अंथरुणास खिळविलें. पण पडल्या पडल्याहि त्यांनीं लेखणी खालीं ठेवली नाहीं. आपण मेलों तर आपल्या बोटांतील विद्या आपल्याबरोबर जाऊं नये, या तळमळीनें जणूं त्यांनीं आपली सर्व पद्धति ग्रंथरूपानें बारीकसारीक तपशिलासह लिहून काढली.

१९१६ सालीं जेफर्सन कॉलेजानें त्यांना अध्यापक म्हणून फिलाडेल्फियास बोलाविलें. पुढें त्या शहरांतील एकंदर पांच वैद्यकशाळांत त्यांनीं अध्यापन केलें. त्यांच्यामुळें फिलाडेल्फिया हें या विद्येचें माहेरघर बनलें आणि देशोदेशींचे डॉक्टर तेथें शिकावयास येऊं लागले. १९१७ सालीं या विषयाच्या डॉक्टरांची एक संस्थाहि त्यांनीं स्थापन केली. लुई क्लर्फ, गॅब्रिएल टकर, शिकागोचे पॉल होलिंजर असे नामांकित शिष्य त्यांच्या हाताखालीं तयार झाले. त्यांचे पुत्र डॉ. शेव्हलिअर लॉरेन्स जॅक्सन यांनींहि वडिलांचीच विद्या उचलली. पिट्सबर्गच्या दिवसांत त्यांना साहाय्य करणाऱ्यांत डॉ. एलन पॅटर्सन या बाई होत्या. या कामीं स्त्रियांचा हात पुरुषाहून उणा नाहीं, हें जॅक्सन यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें. १९३५ पासून १९४१ पर्यंत ते पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजाचे अध्यक्ष होते. आनंदीबाईंनीं पदवी घेतली तें कॉलेज हेंच.

जॅक्सन यांच्या अनुभवांतील एक प्रसंग वाचणाऱ्याचें हृदय हेलावून सोडतो. त्या काळीं अमेरिकेंत घरोघर साबण करण्यासाठीं व मोऱ्या साफ करण्यासाठीं एक दाहक खार वापरीत. तो दिसावयाला साखरेसारखा असल्यामुळें लहान मुलें तो तोंडांत घालीत. त्यानें अन्ननलिका भाजून निघे, व्रण भरतांना ती आंखडे आणि मूल उपाशी राहून झिजत जाई. अशीच एक सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. पाण्याचा थेंबहि तिच्या पोटांत ठरत नव्हता. जॅक्सन यांनीं नळी घालून तिच्या आंखडलेल्या अन्ननलिकेंत अडकून राहिलेला गोळा काढून टाकला. परिचारिकेनें पाण्याचा पेला पुढें केला. मुलीनें भीत भीत एक लहानसा घोट घेतला. तो नेहमींप्रमाणें परत येईल या भयानें ती थांबली. तो परत आला नाहीं. तिनें दुसरा घोट घेतला, तोहि खालीं उतरला. मग पेला हलकेच बाजूस सारून तिनें डॉक्टरांचा हात हातीं घेतला व त्याचें चुंबन घेतलें. मोठमोठ्या मानपत्रांहून जॅक्सन यांना ही पावती मोलाची वाटली असल्यास नवल नाहीं.

पण एका मुलीला पाणी पाजून ते स्वस्थ बसले नाहींत. हजार मुलांना बरें करण्यापेक्षां त्यांना भाजूंच न देणें अधिक चांगलें, हा विचार त्यांनीं धरला. अशा डब्यांवर विष असल्याची स्पष्ट खूण व त्यावरचा उतारा छापलाच पाहिजे, यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. कारखानदारांचा विरोध झाला, तरी ते डगमगले नाहींत. अखेर १९२७ सालीं तसा कायदा सर्व अमेरिकेंत लागू झाला.

पालकांनींहि त्यांच्यापासून कांहीं गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शेंगदाणा श्वासमार्गांत गेला तर धातूच्या वस्तूपेक्षांहि लहान मुलाला तो अधिक घातक होतो, कारण त्यानें आंतील त्वचेला तीव्र दाह होतो. शिवाय क्ष-किरणांच्या चित्रांत टाचणी दिसते, दाणा दिसत नाहीं. वस्तु आंत जातांच मूल जोरानें खोकतें, गुदमरतें. पण नंतर पुष्कळदां खोकला थांबतो व मूल खेळूं लागतें. आईबापांस वाटतें, संकट टळलें. तोच काळ फसवा असतो. कांहीं दिवसांनीं ताप व खोकला सुरू होतो, छातींत घरघर होते, आणि कोणी त्याला दमा म्हणतो. छातींत सूं सूं आवाज आला म्हणजे तो दमाच असें समजूं नका, असें जॅक्सन डॉक्टरांस वारंवार बजावीत. त्यांच्या या सर्व खटपटीचें फळ काय झालें? पूर्वीं अशा अपघातांत शेंकडा सुमारें २४ रोगी दगावत. १९३६ च्या सुमारास तें प्रमाण शेंकडा २ वर आलें.

त्यांनीं बाहेर काढलेल्या वस्तूंचा संग्रह फिलाडेल्फिया येथील म्यूटर म्यूझियममध्यें आहे. त्यांत २,३७४ वस्तु खणाखणांतून मांडून ठेवल्या आहेत. नाणीं, गुंड्या, टाचण्या, हाडें, दाणे तर आहेतच. पण एक छोटेंसें कुलूप, खेळण्यांतील इवलीशी दुर्बीण, आणि शाळेंत एकहि दिवस न चुकतां हजर राहिल्याबद्दल मिळालेलें पदकहि त्यांत आहे! हा संग्रह त्यांनीं कौतुकासाठीं केला नाहीं. कोणती वस्तु कोठें अडकली, ती कशी काढली, याची नोंद प्रत्येकीबरोबर ठेवून त्यांनीं तो पुढच्या डॉक्टरांसाठीं जणूं एक पाठ्यपुस्तकच करून ठेविला.

उतारवयांत ते फिलाडेल्फियापासून कांहीं अंतरावर एका जुन्या गिरणीच्या जागीं राहात, चित्रें काढीत व लांकूडकाम करीत. १९३८ सालीं त्यांनीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. ता. १६ ऑगस्ट १९५८ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, त्यांचा देहान्त झाला. त्यानंतर या शास्त्रांत पुष्कळ सुधारणा झाल्या. जपानचे शिगेटो इकेडा यांनीं १९६६ सालीं लवचिक नळी पुढें आणली, आणि इंग्लंडांतील हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या भिंगांमुळें आंतील दृश्य फार स्पष्ट दिसूं लागलें. जॅक्सन मुलांना भूल न देतांच हें काम करीत. आज तें पूर्ण भूल देऊन करतात. परंतु मुलाच्या श्वासमार्गांतील वस्तु काढण्यासाठीं ताठ नळी अद्यापि वापरली जाते, आणि नवशिक्या डॉक्टरांना आधीं कृत्रिम बाहुल्यांवर व नमुन्यांवरच हात बसवावा लागतो. साधनें बदललीं, पण अभ्यासाचा क्रम तोच राहिला.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतून घेण्यासारखें तें हेंच. कोणतीहि कला हातीं घेतांना आपल्या कच्चेपणाची किंमत दुसऱ्या कोणास तरी द्यावी लागेल, याचें भान ज्याला राहतें तो सराव करण्यास कधीं कंटाळत नाहीं. आणि जी विद्या आपणांस कष्टानें साधली ती मुठींत झांकून न ठेवतां दुसऱ्यास देण्यांतच तिची सार्थकता आहे. जॅक्सन यांनीं स्वतःच्या हातानें वांचविलेलीं मुलें मोजतां येतील. त्यांच्या शिष्यांनीं, आणि त्या शिष्यांच्या शिष्यांनीं, वांचविलेल्या मुलांची मोजदाद कोण करणार?